गायी मोजून झाल्या, आता वळू मोजा

देशी गाय वाचवा म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं, त्याच सुमारास गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये द्यायचं ठरलं, त्याआधी २०२३ मध्ये गोसेवा आयोग आला, केंद्राचं राष्ट्रीय गोकुळ मिशन तर २०१४ पासून आहेच. एवढं सगळं चालू असताना कुणाला एक साधा प्रश्न विचारून बघा, की डांगी किंवा गवळाऊ या आपल्या देशी जातींचे पैदाशीचे वळू आज नेमके किती आहेत आणि त्यातले किती एकाच बापाची पोरं आहेत, समोरचा एकतर गप्प बसतो नाहीतर गोमूत्रावर घसरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जनावराची जात टिकते ती वळूंच्या संख्येवर आणि पाळणाऱ्याच्या दावणीला. आपला पैसा, कायदा आणि भावना मात्र या दोन्ही गोष्टी सोडून भलतीकडेच चाललेत.

हे नुसतं मत नाही, गणित आहे, आणि गणित सातवीच्या पोरालाही जमेल असं आहे. समजा एखाद्या जातीच्या १००० गायी उरल्यात आणि त्यांना भरवायला १० वळू आहेत. वरवर बघितलं तर १०१० जनावरं, म्हणजे बरं चाललंय. पण पुढच्या पिढीची निम्मी जनुकं आयांकडून येणार आणि निम्मी बापांकडून, आणि ती बापांकडची निम्मी जर दहाच जनावरांतून येणार असतील तर आया हजार असून फार फरक पडत नाही. पशुआनुवंशिकीत याचं सूत्र आहे, नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चौपट करायची आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. आपल्या उदाहरणात उत्तर येतं साधारण ४०. म्हणजे कागदावर १०१० जनावरं असली तरी जनुकांच्या हिशोबात तो कळप चाळीसच जनावरांचा. याला प्रभावी संख्या म्हणतात. आता गंमत बघा, गायी वाढवून १०,००० केल्या आणि वळू दहाच ठेवले तरी उत्तर चाळीसच्या पुढे सरकत नाही, उलट गायी हजारच ठेवून वळू ५० केले की तोच आकडा १९० वर जातो. प्रभावी संख्या ५० असली की पिढीमागे इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, एक टक्क्यानं वाढतं, आणि याच्या खाली कळप जाऊ देऊ नये असं जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनात सांगितलेलं आहे. चाळीसला तो वेग सव्वा टक्का होतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते पिढ्यानपिढ्या साचत जातं आणि मग गायी गाभण राहत नाहीत, वासरं अशक्त निघतात, आणि लोक म्हणतात देशी जातच कमजोर.

गावात तर हे आणखी सरळ घडतं. आठ-दहा वाड्यांत मिळून एक वळू, त्याची कालवड तीन वर्षांनी माजावर येते आणि तिलाही भरवायला तोच बाप. पूर्वी यावर उपाय होता, कुणी मुद्दाम शोधलेला नव्हता पण होता. खरसुंडी, पुसेगाव, माळेगाव अशा यात्रांमधून खोंडं-वळू या जिल्ह्यातनं त्या जिल्ह्यात जायचे, रक्त बदलायचं. यात्रेचा बाजार म्हणजे नुसती खरेदी-विक्री नव्हती, जातीच्या जनुकांची ढवळाढवळ तिथंच व्हायची. जनावरांचे बाजार जसे रोडावत गेले तशी ही ढवळाढवळही बंद पडत गेली, आणि याची नोंद कुठल्या सरकारी अहवालात ठळकपणे बघायला मिळत नाही.

ज्यांना वाटतं की संख्या मोठी असली की चिंता नाही त्यांनी होल्स्टिन या विदेशी दुधाळ गायीची गोष्ट ऐकावी. अमेरिकेत १९६२ साली पॉनी फार्म आर्लिंडा चीफ नावाचा वळू जन्माला आला. दुधाच्या बाबतीत कमालीचा चांगला, त्यामुळे त्याचं सीमेन, म्हणजे वीर्य, जगभर गेलं, त्याला १६,००० मुली झाल्या आणि अमेरिकेतल्या होल्स्टिनच्या एकूण जनुकांतला सुमारे १४ टक्के वाटा त्या एकट्याचा झाला. पण त्याच्या अंगात एक बिघडलेलं जनुक होतं. एका बाजूनं आलं तर काही होत नाही, आई आणि बाप दोघांकडून आलं की गर्भच टिकत नाही. पुढे त्याचीच नातवंडं-पतवंडं एकमेकांशी जुळवली गेली आणि मग गर्भपात सुरू झाले. संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले आणि नुकसान ४२ कोटी डॉलरच्या घरात. त्याच्यामुळे वाढलेल्या दुधाची किंमत याहून कितीतरी जास्त होती हेही खरं आहे, म्हणून तिथले लोक त्याला शिव्या देत नाहीत. शिवाय त्यांच्याकडे प्रत्येक वळूची वंशावळ आहे, जनुक तपासायच्या लॅब आहेत, दोष सापडल्यावर ते तो गाळू शकतात. आणि हे सगळं अशा जातीत घडलं जिच्या लाखो गायी आहेत. अमेरिकेतल्या कृत्रिम रेतनाच्या होल्स्टिन वळूंची बापाकडची घराणी शोधत मागे गेलं तर जवळजवळ सगळी १८८० च्या दशकातल्या दोनच वळूंपर्यंत जाऊन थांबतात. आपल्या डांगीत किंवा लाल कंधारीत असा एखादा दोष पसरला तर तो कळणार कसा, वासरू पोटातच गेलं याची नोंद ठेवतंय कोण?

आता आपल्याकडे वाचवायला नेमकं काय आहे ते बघू. महाराष्ट्राच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती म्हणजे सोलापूर-सांगली-साताऱ्याकडची खिल्लार, लातूर-उदगीरची देवणी, नांदेडकडची लाल कंधारी, नाशिक आणि अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातली डांगी, वर्ध्याची गवळाऊ, आणि अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदल्या गेलेल्या कोकण कपिला आणि विदर्भाच्या पूर्व टोकाची कठाणी. शेवटच्या दोघींना कालपर्यंत सगळे गावठीच म्हणत होते. म्हणजे अजून ज्यांना आपण गावठी म्हणून सोडून देतोय त्यांच्यात काय काय दडलंय देव जाणे.

डांगीचंच घ्या. सह्याद्रीत जिथे पाऊस कोसळतो तिथलं हे जनावर. अंगातून एक तेलकट स्राव येतो त्यामुळे पाणी कातडीवर टिकत नाही, काळे कठीण खूर, दगडधोंड्यात आणि भाताच्या चिखलात दिवसभर उभं राहून काम करायची ताकद. त्या पावसात होल्स्टिन बांधून बघा, पंधरा दिवसांत खूर सडतील. हे गुण कुठल्या लॅबमध्ये तयार झालेले नाहीत, महादेव कोळी, ठाकर, कानडी अशा पाळणाऱ्यांनी शेकडो वर्षं त्याच डोंगरात जे जगलं ते ठेवलं, जे नाही जगलं ते गेलं. आणि हे असं आहे की एकदा गेलं की परत करता येत नाही, कारण त्यामागे एकच जनुक नसतं, अनेक जनुकं मिळून ते जमून आलेलं असतं. पाऊस दिवसेंदिवस बेभरवशाचा होतोय, उन्हाळे वाढतायत, अशा वेळी उष्णता आणि गोचीड सहन करणारी जनुकं म्हणजे उद्याचा माल आहे, तो आज विकत कोण घेतंय हा भाग वेगळा.

इथे एक सांगायला हवं. देशी आहे म्हणजे तिला रोगच होत नाही असला प्रचार करणाऱ्यांनी या जातींचं भलं केलेलं नाही. २०२२ ची लम्पीची साथ आठवा, राजस्थान-गुजरातमध्ये देशी गायी हजारोंनी मेल्या. विविधतेचा फायदा प्रत्येक जनावर अमर असण्यात नसतो. कळपात सगळी एकसारखी नसली तर साथ आली तरी काही उरतात, एवढाच तो फायदा, आणि तो भरपूर आहे.

शुद्धतेचं खूळ हा दुसरा रोग. देवणीत वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून प्रकार आहेत, खिल्लारमध्ये आटपाडी महाल, म्हसवड, नकली, थिल्लारी अशी वेगवेगळी घराणी. आता प्रदर्शनात ठराविक रंगाला, ठराविक शिंगाला बक्षीस मिळतं म्हटल्यावर लोक तोच रंग धरून बसतात आणि बाकीचं चांगलं जनावर बाजूला पडतं. देवणीतच गीर आणि डांगीचं रक्त आहे असं जाणकार सांगतात. कृष्णाकाठी जात तर सांगलीकडच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात गीर, ओंगोल, कांकरेज आणि स्थानिक जनावरं एकत्र करून काळ्या मातीतल्या जड कामासाठी मुद्दाम घडवली, आणि आज ती शोधावी लागते. तेव्हा शुद्ध-अशुद्ध हा वाद मला फारसा पटत नाही. जातीचे गुण टिकले पाहिजेत आणि कळपात आतली विविधता टिकली पाहिजे, रंगाचं बघता येईल नंतर.

आणि आता ज्या मुद्द्यावर मला हमखास शिव्या पडतात तो मुद्दा, गीर. महाराष्ट्रातल्या देशी जातींना आज होल्स्टिन-जर्सीइतकाच धोका गीर आणि साहिवाल या राज्याबाहेरच्या देशी जातींचा आहे. शहरातला माणूस देशी गायीचं म्हणून विकल्या जाणाऱ्या ए-टू दुधासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजायला तयार झाला, मग शेतकरी म्हणतो देशीच पाळायची तर जास्त दूध देणारी पाळू, आणि खिल्लारच्या, डांगीच्या मुलखात गीरच्या सीमेनच्या कांड्या भरल्या जातात. एक-दोन पिढ्यांत ना धड खिल्लार ना धड गीर. हे सगळं देशीच्या नावानं होतं म्हणून कुणी बोलत नाही. वास्तविक दुधातल्या बीटा केसीन प्रथिनातल्या एका जागेच्या फरकानं ए-वन आणि ए-टू असे प्रकार पडतात, आणि आपल्या बहुतेक देशी जातींमध्ये आधीपासूनच ए-टू आहे, त्यासाठी गुजरातहून काही आणायची गरज नाही. त्या दुधाच्या आरोग्य-दाव्यांबद्दल तर युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २००९ मध्येच सांगितलं की रोगांशी संबंध सिद्ध होत नाही, आणि आपल्या एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटावरून ए-वन, ए-टू काढा असा आदेश काढला आणि आठवड्याच्या आत मागे घेतला, यावरून काय समजायचं ते समजा. गीर उत्तम गाय आहे, तिच्या सौराष्ट्रात. कागदावरचं धोरणही हेच सांगतं की ज्या जातीचा जो मूळ पट्टा तिथे त्याच जातीचं सीमेन वापरावं. पण डांगीच्या पट्ट्यात डांगीची कांडी वेळेवर मिळत नाही, गीरची मिळते, आणि माजावर आलेली गाय धोरणासाठी थांबत नाही.

ब्राझीलनं आपली गीर नेली आणि वाचवली हेही फार फिरवलं जातं. नेली, खरं आहे, ओंगोल पण नेली, तिचीच तिकडे नेलोर झाली आणि आज त्या देशातल्या वीस कोटींहून जास्त गुराढोरांत मोठा हिस्सा तिचाच आहे. पण त्यांनी भक्तीनं नाही वाचवली. मांसासाठी, दुधासाठी उपयोग होता, वंशावळीच्या नोंदी ठेवल्या, निवड केली. उपयोग संपला की जात संपते, हा नियम तिकडेही तोच.

आपल्याकडच्या बहुतेक जाती शेतकामाच्या. खिल्लार दोन-अडीच लिटर दूध देते आणि तेही वासराचं सोडून, तिची खरी किंमत तिच्या खोंडात होती. ट्रॅक्टर आला, खोंडाचं काम गेलं. २०१९ च्या पशुगणनेत देशात संकरित आणि विदेशी जनावरं जवळपास २७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, देशी सहा टक्क्यांनी घटली, आणि नर जनावरं, हा आकडा नीट वाचा, सात वर्षांत ३० टक्क्यांनी कमी झाली. गायींची संख्या मात्र १८ टक्क्यांनी वाढलेली, त्यामुळे मथळे आनंदाचे आले. त्यात २०१५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्यामागची भावना काहीही असो, शेतकऱ्याच्या बाजूनं हिशोब असा की म्हातारा बैल विकून नवी जोडी घ्यायचा रस्ता बंद झाला, मग गोऱ्हा जन्मला की तो ओझं. आता तर लिंग-निवड केलेलं सीमेन अनुदानात मिळतं, दहातली नऊ वासरं कालवडी. दुधाच्या धंद्याला हे वरदान आहे यात शंका नाही, पण ज्या जातीचे वळूच संपत आलेत तिथेही हेच वापरलं तर पुढचा वळू निवडायचा कुठून?

या सगळ्यात नर जनावराला भाव देणारी एकच गोष्ट शिल्लक आहे आणि ती म्हणजे बैलगाडा शर्यत. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला, आणि या काळात खिल्लार खोंडाच्या किमती कशा खाली-वर झाल्या ते बाजारात कुणालाही विचारा. जनावराला होणाऱ्या त्रासाबद्दलचे आक्षेप खोटे नाहीत, नियम कडक हवेतच. पण शर्यतीमुळे माणसं खोंड सांभाळतात, खुराक देतात, हे नाकारता येणार नाही. फक्त एक धोका तिथंही आहे, मैदान मारलेल्या वळूकडे पंचक्रोशीतली सगळी गायी घेऊन धावतात आणि मग घरोघर त्याचीच पोरं. चीफची गोष्ट छोट्या पट्ट्यावर पुन्हा.

मग गोशाळा? गोशाळा चालवणाऱ्यांबद्दल आदर आहे, भाकड आणि सोडून दिलेल्या जनावरांना कुणीतरी सांभाळायलाच हवं. पण ते भूतदयेचं काम आहे, जात-संवर्धनाचं नाही. तिथे कुठली गाय कुठल्या जातीची, तिचा बाप कोण, हे बहुतेक ठिकाणी माहीत नसतं, म्हाताऱ्या गायी जास्त, पैदास एकतर होत नाही किंवा कशीही होते. जीन बँक हवी, नक्की हवी. राज्यानं २०२२ मध्ये १७२ कोटींचा महाराष्ट्र जीन बँक प्रकल्प मंजूर केला आणि त्यात देशी पशुधनही आहे. उणे १९६ अंशावर द्रवरूप नायट्रोजनमध्ये सीमेन वर्षानुवर्षं टिकतं, आपत्तीत तेच कामाला येतं. पण टाकीत ठेवलेली कांडी पावसात भिजत नाही, नव्या रोगाला तोंड देत नाही, बदलत नाही. आणि डांगीला कधी डोंगरात न्यायचं, कुठल्या गवतावर ठेवायचं हे ज्याला कळतं तो माणूस टाकीत ठेवता येत नाही.

वेळ गेल्यावर काय करावं लागतं ते केरळात बघायला मिळालं. वेचूर ही जगातल्या सर्वांत बुटक्या गायींपैकी एक, जवळजवळ संपली होती. १९८९ मध्ये केरळ कृषी विद्यापीठातल्या सोसम्मा आयप यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव शोधून जेमतेम दोन डझन जनावरं गोळा केली आणि जात उभी केली, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. थोर काम आहे. पण दोन डझनांत जे नव्हतं ते कायमचं गेलं, पुढे कितीही हजार झाल्या तरी.

यावर शेतकरी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की तुमच्या जनुकांसाठी मी का तोट्यात जाऊ. संकरित गायीनं या राज्यात लाखो घरांत रोजचा पैसा आणला, उरुळी कांचनच्या, १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बाएफ संस्थेनं गोठ्यापर्यंत कृत्रिम रेतन नेलं नसतं तर कितीतरी दुष्काळी तालुक्यांत दुसरा आधार नव्हता. त्याला परत खिल्लार पाळ म्हणणं म्हणजे गरिबानं श्रीमंतांचं म्युझियम चालवावं असं म्हणणं झालं. संकरित पाळणाऱ्यानं संकरितच पाळावी. जात सगळ्यांनी पाळायची गरजच नाही, वरचं गणित तेच सांगतं. मूळ पट्ट्यातल्या काही शे पाळणाऱ्यांनी, वेगवेगळ्या घराण्यांचे वळू ठेवले तर पुरतं, आणि हे काम ते सगळ्यांसाठी करतायत तर पैसे सगळ्यांनी द्यावेत.

पैसे किती? गोशाळेतल्या १००० गायींना दिवसाला ५० रुपयांनी वर्षाला होतात १ कोटी ८२ लाख ५० हजार. तेवढ्याच रकमेत मूळ पट्ट्यातल्या पाळणाऱ्यांकडचे २०० वळू दिवसाला २५० रुपयांनी सांभाळता येतात, आणि १००० गायींमागे २०० वळू असले तर मघाच्या सूत्रानं प्रभावी संख्या चाळीसवरून साडेसहाशेच्या पुढे जाते. गोशाळेचं अनुदान बंद करा असं मी म्हणत नाही, त्याच्या शेजारी दुसरा रकाना उघडा. पशुगणनेच्या फॉर्ममध्ये नर जनावर कशासाठी वापरतात हे विचारलेलंच असतं. २५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेचा डेटा जातनिहाय, तालुकानिहाय, पैदाशीच्या नरांसकट लोकांसमोर ठेवा म्हणजे कुठल्या जातीला आधी हात घालायचा ते कळेल. मग वळूच्या कानात बिल्ला, आई-बापाची नोंद, पैसे थेट पाळणाऱ्याच्या खात्यावर, एका बापाचे दोनापेक्षा जास्त वळू योजनेत घ्यायचे नाहीत, आणि दर तीन वर्षांनी वळू तालुका बदलून दुसऱ्या पाळणाऱ्याकडे जायला हवा, नाहीतर एवढं करूनही त्याची स्वतःचीच कालवड त्याच्यापुढे येऊन उभी राहायची.